मदत हवी आहे: मिस्टरांच्या जुन्या मित्राची नको असलेली जवळीक कशी थांबवू?

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिणं मात्र क्वचित. माझं वय ६२. मिस्टर जाऊन सहा-सात महिने झाले. हा आयडी या धाग्यापुरताच घेतला आहे, कारण नात्यातली दोघं-तिघं इथे असतात. थोडं लांबेल, पण वाचा.

मिस्टर गेले तेव्हा त्यांचे एक मित्र सगळ्यांत आधी धावून आले. दोघांची मैत्री नोकरीला लागल्यापासूनची. मुलगा दूर असतो. त्याची रजा संपली आणि तो परत गेला. पुढची सगळी धावपळ या भाऊजींनी केली. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेतलं जॉइंट खातं माझ्या एकटीच्या नावावर करणं, विमा, पेन्शनचे अर्ज. सही कुठे हवी तिथे ते पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायचे आणि मी फुलीवर सही करत जायची. समोरचं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं त्या दिवसांत. त्यांचे उपकार मी आजही मानते, हे आधीच सांगून ठेवते. त्यांची पत्नीही काही वर्षांपूर्वी गेली.

बदल हळूहळू होत गेला. आधी सकाळचे मेसेज, मग रात्रीचे. मग रात्री साडेदहाला फोन. उचलला नाही तर पुन्हा, परत पुन्हा, आणि सकाळी 'काळजीने झोपलो नाही' म्हणून मेसेज. इतकी वर्षं वहिनी म्हणणारा माणूस एक दिवस सरळ नावाने हाक मारू लागला. न कळवता घरी येणं सुरू झालं. घराची एक किल्ली त्या गडबडीत त्यांच्याकडे गेली ती अजून तिथेच आहे, आणि हल्ली रात्री दाराला आतून कडी घातली तरी मी उठून दोनदा बघते.

मागच्या महिन्यात मी मिस्टरांचं कपाट आवरत होते. शर्टांच्या घड्या घालून पिशवीत भरत होते. भाऊजी आले, पलंगावर शेजारी बसले, माझ्या हातातला शर्ट काढून बाजूला ठेवला आणि हात धरला. मी सोडवून घेतला. म्हणाले, "असं एकटं किती दिवस राहणार? तुम्हालाही कुणी हवं, मलाही हवं." मला सुचेना काय बोलावं. मी म्हटलं, "अहो, अजून वर्षसुद्धा झालं नाही." तर म्हणाले, "ठीक आहे, वर्ष होऊ दे." तेव्हापासून ते वर्ष सरायची वाट बघत आहेत, हे त्यांच्या प्रत्येक बोलण्यातून जाणवतं.

उतारवयात पुन्हा लग्न करण्याला किंवा सोबत शोधण्याला माझा मुळीच विरोध नाही. माझ्या एका मैत्रिणीने साठीनंतर लग्न केलं आणि ती आनंदात आहे. पण मला या माणसाबद्दल तसं काही वाटत नाही. वर्षाने वाटणार नाही, पाच वर्षांनीही नाही. एकटं वाटतं का? वाटतं. संध्याकाळ खायला उठते. पण त्याचा अर्थ जो कुणी दार वाजवेल त्याला आत घ्यावं असा होत नाही ना?

एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, चांगला माणूस आहे, म्हातारपणी आधार होईल. दुसरी म्हणाली, तू हसून बोलतेस, त्यांचा समज झाला असेल. हे दुसरं फार लागलं. मुलाला सांगितलं तर तो एक तर त्यांच्याशी भांडेल, नाहीतर मला तिकडे घेऊन जाईल. मग माझं घर, माझी लायब्ररी, सकाळचा फिरायचा ग्रुप, सगळं सुटेल. त्रास दुसऱ्याने द्यायचा आणि घर मी सोडायचं, हे मला मान्य नाही.

शिवाय फेसबुकवर मिस्टरांच्या श्रद्धांजलीच्या पोस्टखाली कुणी एक परदेशी डॉक्टर 'मीही पत्नी गमावली आहे' म्हणून लिहून गेले आणि आता रोज मेसेज करतात. त्यांना मी उत्तर दिलेलं नाही.

मला विचारायचं आहे ते असं: भाऊजींना नाही कसं सांगू की ते कायमचं नाही म्हणून पोचेल? इतकी मदत घेतल्यावर असं तोंडावर सांगणं कृतघ्नपणा होईल का? आणि मुलाला सांगू का?

मधुमालती

ताई, मी ५८ व्या वर्षी यातून गेले. माझ्या बाबतीत ते दीर लागत होते नात्याने, म्हणजे आणखी अवघड.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला चटकन दिसली. तुम्ही 'वर्ष झालं नाही' म्हणालात आणि त्यांनी ती तारीख धरली. मी 'मुलीचं लग्न व्हायचंय' म्हणाले होते, तर ते गृहस्थ लग्नासाठी स्थळं आणायला लागले. कारण दिलं की समोरचा माणूस ते कारण दूर करायच्या मागे लागतो. म्हणून कारण देऊच नका. वय, मुलगा, लोक काय म्हणतील, मिस्टरांची आठवण, काही नाही. 'माझी इच्छा नाही आणि ती होणार नाही' एवढंच. इच्छा नाही यावर कुणाला तोडगा काढता येत नाही.

आणि ते लेखी द्या. समोरासमोर आपण कच खातो, आवाज कापतो, माणूस समजूत घालायला बसतो. मेसेज एकदाच पाठवायचा. त्यानंतर भावनिक मेसेजना उत्तर नाही, 'बरी आहे' एवढंही नाही. वीस फोन टाळून एकविसावा उचलला, तर त्यांना एवढंच कळतं की एकवीस वेळा करावा लागतो.

आडवाट

मी पुरुष आहे, वेगळी बाजू मांडतो. ते गृहस्थही एकटे आहेत, त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं असेल. एकदा शांतपणे बसून बोललात तर मैत्री टिकेल. एकदम तोडून टाकू नका.

मधुमालती

@आडवाट, विचारण्यात काही गैर नाही. हातातला शर्ट काढून हात धरणं म्हणजे विचारणं नव्हे. रात्री साडेदहाला तीन-तीन फोन करणं म्हणजेही नव्हे. मैत्री टिकवायची जबाबदारी दर वेळी बाईनेच का घ्यायची? ते 'मी चुकलो वहिनी' म्हणून मागे सरले तर मैत्री आपोआप टिकेल.

आडवाट

मान्य. हात धरल्याचा भाग मी भरभर वाचला होता.

निवांत

काकू, मी समुपदेशक आहे, शोकात असलेल्या लोकांबरोबर काम करते. 'तू हसून बोलतेस' हे वाक्य तुम्हाला लागलं, त्याबद्दल बोलते.

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, आमच्या कामात ती फार उपयोगी पडते. जोडीदार गेलेला माणूस एकेक पायरी चढत दुःखातून बाहेर येत नाही. तो येरझारा घालतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत पूर्ण बुडालेला, तर कधी बिलं भरण्यात, नवीन काही शिकण्यात, हसण्या-बोलण्यात. एकाच दिवसात दोन्ही. तुम्ही सकाळी ग्रुपमध्ये हसता आणि दुपारी कपाटासमोर बसता, हे दोन्ही खरं आहे. त्या हसण्यावरून कुणी 'आता ही सावरली, आता विचारायला हरकत नाही' असा हिशोब केला, तर तो त्याचा हिशोब. तुमच्याकडून कुठलाही इशारा गेलेला नाही.

दुसरं म्हणजे, होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ताण देणाऱ्या ४३ घटनांची क्रमवारी लावली होती. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, १०० गुण. त्याखालच्या घटस्फोटाला ७३. पेन्सिलीच्या फुल्यांवर सह्या करण्याची वेळ येते ती यामुळे. ज्या काळात माणूस दुसऱ्याच्या आधाराने चालत असतो, त्याच काळात आधार देणाऱ्याने जवळीक मागितली तर नकार देणं दुप्पट जड जातं. बऱ्याचशा बायका मला हेच सांगतात, की 'नाही म्हटलं तर उद्या बँकेत कोण येणार'. म्हणून आधी मदतीची दुसरी सोय लावा. बँकेतली राहिलेली कामं मुलगा फोनवरून बघू शकतो का? एखादी भाची, शेजारीण? ते अवलंबून राहणं सुटलं की नकार पुष्कळ सोपा होतो.

कृतघ्नपणाबद्दल: त्यांनी मदत केली ती मित्रासाठी. तिचे आभार मानायचे, ते तुम्ही मानले आहेत.

पायवाट

मी व्यवहाराचं तेवढं सांगतो.

किल्ली मागत बसू नका, कुलूपच बदला. किल्लीची नक्कल कुणीही करून घेऊ शकतं. त्यांनी फोनवर बँकेचं ॲप चालू करून दिलं असेल तर पासवर्ड आणि पिन आजच बदला. ईमेलचा पासवर्डही, कारण बाकी बरेचसे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा, अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे असतील तर ती घरी येऊ द्या आणि मगच मेसेज पाठवा. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण दुखावलेल्या माणसाकडे आपले कागद कशाला?

जुने मेसेज कितीही नकोसे वाटले तरी पुसू नका. स्क्रीनशॉट काढून कुणा विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवा. आपण कुठे राहता ते विचारत नाही, पण भारतात असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बघा. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला तर तो पाठलागाचा गुन्हा होतो. म्हणजे तुमचा एक स्वच्छ लेखी नकार तिथेही कामी येतो. पोलिसांत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती माहीत असू दे.

तो फेसबुकवरचा परदेशी डॉक्टर मात्र सरळ ब्लॉक करा. श्रद्धांजलीच्या पोस्ट शोधून विधवांना गाठणारे ठग असतात. कुणी डॉक्टर, कुणी सैन्यातला अधिकारी, कुणी समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इंजिनियर. म्हणजे व्हिडिओ कॉल न करायला आणि न भेटायला कारण तयार. काही आठवडे गोड बोलणं, मग अडकलेलं पार्सल किंवा अचानक ऑपरेशन, आणि पैसे. त्या पोस्टची सेटिंग फक्त ओळखीच्यांपुरती करा.

मुलाला सांगा. फक्त सांगताना आधी काय नको ते सांगा: 'तू यायचं नाहीस, भांडायचं नाहीस, मी घर सोडणार नाही. मला तुझ्याकडून फक्त बँकेची कामं हवी आहेत.'

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'तुमच्याकडून इशारा गेलेला नाही' हे वाचून मी बराच वेळ रडले. बरं वाटलं.

कुलूप बदललं. विम्याची मूळ पॉलिसी भाऊजींकडे होती, ती शेजारच्या मुलीला पाठवून मागवून घेतली. मुलाशी बोलले. @पायवाट यांनी सांगितलं तसंच, आधी काय नको ते. तो पहिल्यांदा तापला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "आई, बँकेचा पुढचा कागद आला की मला फोटो पाठव." एवढं पुरेसं होतं.

त्यानंतर हा मेसेज पाठवला: "भाऊजी, यांच्या जाण्यानंतर तुम्ही जी मदत केलीत तिच्याबद्दल मी आभारी आहे. तुम्ही जे सुचवलंत त्याला माझी इच्छा नाही आणि पुढेही होणार नाही. यावर पुन्हा बोलू नये. रात्री फोन करू नये, आणि न कळवता घरी येऊ नये."

पाठवताना बोटं थरथरत होती. त्यांचं उत्तर रात्री आलं, लांबलचक. त्यात माझ्या एकटेपणाची काळजी होती, मिस्टरांचं नाव होतं, आणि शेवटी 'तुमचा गैरसमज झाला' असं होतं. मी उत्तर दिलेलं नाही. काल दोन फोन आले, तेही उचलले नाहीत.

आता एकच राहिलं आहे. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये तेही असतात. मी जाणं बंद करणार नाही. पण तिथे ते सगळ्यांसमोर दुखावल्यासारखा चेहरा करून उभे राहतील आणि लोक मला विचारतील, काय झालं म्हणून. अशा वेळी चारचौघांत तुम्ही काय म्हणाला असतात? ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी जरूर लिहा.