मदत हवी आहे: मूळ पासपोर्ट न पाठवता आयटीआयएन मिळेल का?

मंडळी, अमेरिकेतल्या करभरणीतल्या जाणकारांची मदत हवी आहे. हाताशी दिवस थोडे आहेत.

नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि चार वर्षांची लेक कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावर. मला कामाचा परवाना नाही, त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही; त्याऐवजी करभरणीपुरता दिला जाणारा आयटीआयएन हा नंबर काढावा लागतो. यंदा पहिल्यांदाच दोघांचं एकत्र रिटर्न भरलं आणि त्याला माझा नि लेकीचा डब्ल्यू-७, म्हणजे आयटीआयएनसाठीचा अर्ज जोडला. रिटर्न तयार करून देणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, पासपोर्टची नोटरी केलेली प्रत चालते. दहा आठवडे वाट पाहिल्यावर काल पत्र आलं, सीपी ५६६. नोटरीची प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या खात्यानेच प्रमाणित केलेली प्रत ४५ दिवसांत पाठवा, नाहीतर अर्ज नामंजूर. हे दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजायचे, आणि त्यातले नऊ टपालातच गेले.

पासपोर्ट आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, ऑस्टिनच्या कार्यालयात पाठवला तर परत यायला ६० दिवस लागू शकतात म्हणे. पुढच्या महिन्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिच्याजवळ माझ्याशिवाय कोणी नाही. पासपोर्ट हातात नसेल तर मी जाणार कशी? रात्रभर डोळा लागला नाही.

पासपोर्ट हातचा न सोडता हे निस्तरता येईल का? आणि माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, रिटर्नवर मात्र सासरचं आडनाव गेलंय. त्याने पुन्हा अडेल का?

प्रतिसाद
ताई, घाबरू नका, पत्र नामंजुरीचं नाही. नामंजुरीचं सीपी ५६७ असतं. तुमच्याकडे फक्त कागद मागितलेत.

पासपोर्ट टपालात अजिबात टाकू नका. आयआरएसने नेमलेले 'सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट' असतात, त्यांची राज्यवार यादी आयआरएसच्या साइटवर आहे. ते मूळ पासपोर्ट समोर बसून तपासतात, प्रमाणपत्र जोडतात आणि पासपोर्ट तिथल्या तिथे परत देतात. फी घेतात, ती आधीच विचारा. दुसरी वाट म्हणजे आयआरएसचं करदाता सहाय्य केंद्र. तिथे फी नाही, पण फोनवर आधी वेळ घ्यावी लागते आणि सगळ्याच केंद्रांत पासपोर्ट तपासत नाहीत. जाताना सीपी ५६६ न्यायला विसरू नका.

नावाचं म्हणाल तर डब्ल्यू-७वर जन्माच्या नावाची वेगळी ओळ आहे, १बी. तुमच्या अर्जात ती कोरी राहिली असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा आणि एजंटला आधीच सांगा.

प्रतिसाद
लेकीचा पासपोर्ट आत्ताच उघडून बघा. मुलांच्या बाबतीत पासपोर्टवर अमेरिकेत आल्याची तारीख हवी, तरच तो एकटा पुरतो. हल्ली विमानतळावर बऱ्याचदा शिक्का मारतच नाहीत, आमचं तिथेच अडलं होतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मग इथल्या डॉक्टरांकडची नोंद जोडावी लागते, त्यापुढच्यांसाठी शाळेची.

एक मात्र आधीच सांगते. मुलीला आयटीआयएन मिळाला तरी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट, मिळणार नाही, त्याला सोशल सिक्युरिटी नंबरच लागतो. तिच्या नावावर ५०० डॉलरचं 'अदर डिपेंडंट' (इतर अवलंबित) क्रेडिट मिळू शकतं. तरीही नंबर काढाच, पुढल्या वर्षी हा सगळा व्याप पुन्हा नको. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर मात्र तो बाद होतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पासपोर्ट पाहिला: माझ्यावर शिक्का आहे, लेकीच्या पानावर फक्त व्हिसा. डॉक्टरांकडून तिच्या लसीकरणाची नोंद मागवली आहे, त्यावर तिचं नाव आणि आमचा इथला पत्ता दोन्ही आहेत. एजंटकडे गुरुवारची वेळ मिळाली.

आता एकच शंका: पुढे मला कामाचा परवाना मिळून सोशल सिक्युरिटी नंबर आला, तर आयटीआयएनचं काय करायचं?

प्रतिसाद
त्या दिवसापासून आयटीआयएन वापरायचा नाही. आयआरएसला पत्र लिहून दोन्ही नंबर कळवायचे, म्हणजे जुन्या नोंदी नव्या नंबरावर येतात. आईंना लवकर बरं वाटो.