अ‍ॅरिया ऑफ सॉरो: सोल गोळा करणं हे या गेमचं बळ की दुखणं?

कृष्णाकाठ (सांगली)
हॅन्डहेल्डवरचे जुने गेम खेळणाऱ्या सांगली-सातारकरांसाठी हा धागा. 'कॅसलव्हेनिया: अ‍ॅरिया ऑफ सॉरो', कोनामी, २००३, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स. गोष्ट २०३५ सालातली आहे. सूर्यग्रहणाच्या आत ड्रॅक्युलाचा किल्ला आहे आणि त्यात सोमा क्रूझ अडकलाय. शत्रू मारला की कधीकधी त्याचा सोल (आत्मा, म्हणजे त्याची शक्ती) सोमाकडे येतो. लाल सोल वर+बी दाबून फेकायचा, निळा आर बटणावर चालतो, पिवळा लावून ठेवला की आपोआप काम करतो. प्रत्येक रंगाचा एकच सोल एका वेळी लावता येतो. राखाडी सोल मात्र कायमचे: मालफास मिळाला की दुहेरी उडी, हिप्पोग्रिफ मिळाला की छतापर्यंत उडी.

या जातीच्या गेममध्ये याहून चांगली रचना मला माहीत नाही. साधा सांगाडासुद्धा काहीतरी देऊन जाईल म्हणून मारावासा वाटतो. पण खरा शेवट याच नशिबावर टांगून ठेवलाय, आणि तिथे मला हा गेम चुकतो. (पुढे शेवट फुटतोय, ज्यांना नको त्यांनी पुढच्या उत्तरावर जा.) ग्रॅहम या खलनायकाशी लढताना फ्लेम डेमन, जायंट बॅट आणि सकबस हे तिन्ही लावलेले नसतील, तर तो मेला की गेम तिथेच संपतो. केऑटिक रेल्म हा पुढचा अख्खा भाग आणि ड्रॅक्युलाचा शिकारी ज्युलियस बेलमाँट याच्याशी होणारी लढाई दिसतच नाही. जायंट बॅट ठरलेल्या जागी मिळतो. बाकीचे दोन शत्रूंकडून, पडले तर पडले.

अजिंक्यतारा (सातारा)
इथे माझं जमत नाही. पुढे जायला जे सोल लागतात ते सगळे बॉसकडून (मोठ्या शत्रूकडून) किंवा ठरलेल्या खोलीत मिळतात. नशिबावर असलेले दोनच, आणि त्यांचा इशारा तीन प्राचीन ग्रंथांत दिलेला आहे. आयटमच्या मेन्यूत जाऊन ते वाचायचे, एवढंच काम. लोक ग्रंथ उचलतात आणि न उघडताच ग्रॅहमच्या खोलीत शिरतात, याला गेम काय करणार?

सोल पडत नाही म्हणणाऱ्यांनी पद्धत बदलून बघावी. दाराजवळ उभा असणारा शत्रू निवडा. मारा, दाराबाहेर या, परत आत जा, तो पुन्हा उभा असतो. वेग जास्त असलेलं हत्यार घ्या, जड हातोड्यात वेळ जातो. लक वाढवणाऱ्या वस्तू अंगावर घाला, कारण सोल पडण्यावर लकचा परिणाम होतो. सोल ईटर रिंग घेतली तर काम फार हलकं होतं. ती गेममधल्या हॅमर या दुकानदाराकडे ३,००,००० ला मिळते. जास्तीची हत्यारं त्यालाच विकून पैसा उभा करायचा.

कृष्णाकाठ (सांगली)
रिंगचं मान्य. पण तीन लाख जमेपर्यंत गेम जवळपास संपत आलेला असतो, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला ती उशिरा मिळते. शिवाय हॅमर किल्ल्याच्या दारात बसलाय. दर वेळी वॉर्प रूम (एका जागेवरून दुसरीकडे झटकन नेणारी खोली) गाठून तिथे जा, विका, पुन्हा वॉर्प करा. आणि अ‍ॅक्सेसरीची जागा एकच असल्याने रिंग घातली की दुसरी अ‍ॅक्सेसरी गेली.

मिरजेचा_तंबोरा (मिरज)
तुम्ही दोघं नशिबावर भांडताय, पण हात दुखतो तो मेन्यूने. फ्लाइंग आर्मर (तरंगत खाली येणं), ब्लॅक पँथर (धावणं), जायंट बॅट (उडणं) हे तिन्ही निळे, तिन्ही आर बटणावर. धावायचं आणि मग तरंगायचं तर मध्ये गेम थांबवून मेन्यू उघडावा लागतो. पाण्यात तर कहर आहे. अंडाइन लावला तर पाण्यावर चालता येतं, स्कुला लावला तर तळाशी उतरता येतं, आणि दोन्ही पिवळे. जलाशयाच्या भागात चार पावलांवर मेन्यू उघडावा लागतो. दोन संच आधी ठरवून एका बटणावर बदलण्याची सोय असती तर हे दुखणंच राहिलं नसतं. पुढच्या 'डॉन ऑफ सॉरो'मध्ये, २००५ ला निन्टेन्डो डीएसवर, डॉपलगँगर सोलने नेमकी हीच सोय केली. म्हणजे ही उणीव करणाऱ्यांनाही कळली होती.

संगीताचं मात्र मनापासून कौतुक. मिचिरू यामाने यांच्या चाली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या खरखरीतूनही नीट ऐकू येतात. आधीच्या 'हार्मनी ऑफ डिसोनन्स'चा आवाज आठवा, म्हणजे फरक कळेल.

अजिंक्यतारा (सातारा)
मेन्यूचा मुद्दा बरोबर, त्यावर वाद नाही. पण 'डॉन'ने एक सोय दिली आणि बॉस मरताना स्टायलसने (डीएसच्या पडद्यावर रेघ ओढायच्या काडीने) सील काढायची कटकट गळ्यात मारली. रेघ चुकली की बॉस पुन्हा जिवंत. त्यापेक्षा 'अ‍ॅरिया'चा मेन्यू परवडला.

हळदपेठ (सांगली)
अवघडपणाबद्दल कुणीच बोलेना. पहिल्या अर्ध्या भागात डेथ या बॉसची लढाई सोडली तर फारसा घाम येत नाही. पुढे क्लेव्ह सोलाइस तलवार हातात आली की बॉससुद्धा पटापट पडतात. तिचा वार मोठा, मार पवित्र जातीचा, आणि किल्ल्यातले बहुतेक अंधारातले जीव त्यालाच कच्चे. इतके सोल जमवायचे आणि शेवटी एक तलवार फिरवत सुटायचं, हा विरोधाभास मला खटकतो. तलवार इतक्या ताकदीची असेल तर सोल निवडण्यात डोकं घालायचं कारण उरत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)
त्यावर उपाय गेममध्येच आहे. एकदा संपवल्यावर हार्ड मोड खेळा. किंवा नव्या गेमला नाव देताना नोसोल असं टाका, सोल वापरताच येत नाहीत. ज्युलियस मोडमध्ये (सोमाऐवजी ज्युलियस घेऊन खेळायचं) तर चाबूक आणि त्याच्या ठरलेल्या शक्ती एवढंच, हत्यार बदलणं नाही की गोष्ट नाही. ज्याला तलवार सोपी वाटते त्याने तिथे जावं.

हळदपेठ (सांगली)
पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते काय कामाचं? बहुतेक जण एकदाच खेळतात. तोल पहिल्या खेपेतच हवा.

कोयना_बॅकवॉटर (पाटण)
कुठे खेळावा हेही सांगा की ओ. सातारा-सांगली एसटीत खेळणार असाल तर पहिला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स नको, त्याच्या पडद्याला दिवाच नाही. ढग आले की किल्ल्यातलं काही दिसत नाही. २००३ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी घ्या, त्यात दिवा आहे. जुनं कार्ट्रिज घेताना गेम सेव्ह करा, बंद करा, कार्ट्रिज काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सेव्ह आहे का बघा. बनावट कार्ट्रिजमध्ये हीच भानगड जास्त. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात पिना काळ्या पडतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, मगच घालायचं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीची ओल पिनांवरच बसते.

मिरजेचा_तंबोरा (मिरज)
इतका उपद्व्याप नको असेल तर 'अ‍ॅडव्हान्स कलेक्शन' घ्या. स्विच, पीएस४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आहे, चार गेम एकत्र. हवं तिथे सेव्ह करता येतं, चूक झाली तर मागेही जाता येतं. एसटीतून उतरायची वेळ झाली म्हणून सेव्ह रूम शोधायला नको.

कृष्णाकाठ (सांगली)
मग सकबसच्या खोलीच्या दारात सेव्ह करून, सोल पडेपर्यंत लोड करत बसता येईल. माझी तक्रार तिथे संपते. २००३ च्या कार्ट्रिजवर ती तशीच राहते.