मदत हवी आहे: विकेटच्या डेटाटेबलमध्ये पान बदललं की चुकीचं इनपुट पुसलं जातं

अपाची विकेट 9 (जावाचं वेब फ्रेमवर्क), फॉर्मच्या आत डेटाटेबल, पानाला 20 ओळी. ‘नग’ कॉलमच्या सेलमध्ये पॅनेल, त्यात टेक्स्टफील्ड<इंटिजर>. कुणी ‘12अ’ टाकून सबमिट केलं की एरर येई आणि सगळ्या ओळींतलं टाइप केलेलं जाई, कारण दर रेंडरला ओळी नव्याने बनतात. रियूजइफमॉडेल्सइक्वलस्ट्रॅटेजी (मॉडेल तेच असेल तर जुनीच ओळ वापरणारी) लावली, फरक शून्य. ओळींच्या लोडेबलडिटॅचेबलमॉडेलला स्वतःचं इक्वल्स (दोन मॉडेल सारखी आहेत का ते ठरवणारी मेथड) नसतं, तेच नडत होतं. आयडीवरून इक्वल्स आणि हॅशकोड लिहिले, तेवढं सुटलं.

पेजिंगचं मात्र अडलंय. ‘चेंज’वर अजॅक्स लावून बरोबर आकडे आयडीनुसार मॅपमध्ये ठेवतो, ते टिकतात. ‘12अ’ मॉडेलपर्यंत पोचतच नाही. ऑनएररमध्ये गेटरॉइनपुटने ते रॉ, म्हणजे टाइप केलं तसंच, हाती लागतं, पण पान 2 वरून परतल्यावर फील्ड नवं असतं.

सेव्ह एकदाच, शेवटी करायचंय. पेजिंग काढता येणार नाही. फील्ड स्ट्रिंगचं करून तपासणी हाताने करणं शक्यतो नको.

नव्या टेक्स्टफील्डमध्ये जुनं रॉ इनपुट एररसकट परत कुठे आणि कसं बसवायचं?