बाजारभावाचं ॲप कोणी उघडत नाही, आणि दोष म्हणे शेतकऱ्याचा

खळ्यावरचा
काल एका डेटावाल्या गृहस्थांची पोस्ट फिरत होती. त्यांनी बाजारभावाचं ॲप काढलं, रंगीत आलेख टाकले, लोकांनी ते उतरवलं आणि पुसून टाकलं. निष्कर्ष काय, तर 'शेतकऱ्याला डेटा साक्षरता नाही'. डोक्यात तिडीक गेली, म्हणून लिहितोय.

अहो, ट्रॉलीवर उभं राहून बोली चालू असताना अख्ख्या गाडीचा हिशोब तोंडी करणाऱ्या माणसाला आकडे कळत नाहीत? तुमच्या पडद्यावर असतं काय? पणन मंडळाच्या तक्त्यातलेच रकाने: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. समजा क्विंटलला कमीत कमी ५०० रुपये आणि जास्तीत जास्त २१००. माझा कांदा यात कुठे बसतो? एक नंबर, गोल्टी म्हणजे बारका, की साठवणीच्या चाळीत मोड फुटलेला? 'जात/प्रत' रकान्यात 'लोकल' लिहिलेलं, नाहीतर नुसत्या आडव्या रेघा.

मला रात्री ठरवायचं असतं, सकाळी ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा, विंचूरला की पिंपळगावला. तुमचा आकडा उगवतो लिलाव उरकल्यावर. त्याआधी आमच्या व्हॉट्सॲप गटात कोणीतरी व्हॉइस नोट टाकलेली असते: 'मध्यम माल बाराशे-साडेबाराशे, व्यापारी कमी आहेत, ओला आणू नका.' कोणाला, कधी आणि कशासाठी हवंय हे ज्याला ठाऊक, त्याचं प्रॉडक्ट चालतं. बाकी सगळं पुरस्कार समारंभासाठी.

सरासरीबाई
व्हॉइस नोट ऐकून ट्रॅक्टर खुशाल काढा. पण गेल्या वर्षी याच आठवड्यात काय भाव होता, ते त्या गटात शोधून दाखवा. फोन बदलला की तुमचं 'प्रॉडक्ट' गेलं. ॲगमार्कनेट, म्हणजे केंद्र सरकारचं बाजारभावाचं संकेतस्थळ, २००० सालापासून आहे. अनुदान मागायला जाता तेव्हा कुठले आकडे पुढे करता? आधी कच्चा डेटा नीट, वेळेवर बाहेर टाका. साजशृंगार ज्याला हवा तो करेल.

आणि माहितीने फरक पडतोच. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाईल आले, तेव्हा रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने अभ्यास केला होता. तारली मासळीचे बंदरोबंदरीचे भाव जवळजवळ एकसारखे झाले, मासळी फेकून देणं थांबलं, कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला. वाचा जरा.

खळ्यावरचा
केरळ येणार हे माहीत होतं. बाई, त्या होडीत डॅशबोर्ड नव्हता, फोन होता! कोळी समुद्रातूनच गिऱ्हाइकाला विचारायचा, 'घेतोस का, कितीला?' म्हणजे माझी व्हॉइस नोटच की.

आपल्याकडचं सांगतो. २००७ पासून रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात एसेमेसवर भाव आणि हवामान पाठवत होतं. फाफशाँ आणि मिंटन या अर्थतज्ज्ञांनी १०० गावांत तपासून २०१२ साली छापलं: शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात दखल घेण्याजोगा फरक नाही. कसा असेल? लिलावात भाव ठरतो, मग गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते आणि तिथे 'खाली माल हलका निघाला' म्हणून दर कापतात. माझी अर्धी ट्रॉली रिकामी झाली होती तेव्हा कापला. आता अर्धा कांदा परत भरून घरी नेऊ? तो कापलेला भाव कुठल्या रकान्यात येतो?

चाळकरी
तुमचं दोघांचं चालू द्या. ऑगस्ट २०२३, चाळी भरलेल्या, दिल्लीने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातीवर सरळ बंदी. उठली कधी? मे २०२४, लोकसभेची मतदानं चालू असताना. दहा वर्षांचे आलेख तोंडपाठ असते तरी काय उपटलं असतं? त्या अधिसूचनेचं ॲप काढा, आदल्या रात्री वाजणारं.

कीबोर्डचा हमाल
अवांतर: कच्चा डेटा, जुने भाव म्हणताय, ते हातात कसे पडतात ते बोला. माहिती अधिकारात एका कार्यालयाकडून आवक आणि भावांची आकडेवारी मागवली. छापून, शिक्का मारून, परत स्कॅन करून दिली, तीही तिरकी. दुसऱ्या खेपेला खरी पीडीएफ आली. कॉपी केली तर जुना फाँट, सगळी रोमन चिन्हं. युनिकोड असेल तर वेलांट्या जागा सोडून पळतात. नावं हातानं दुरुस्त केली, तर भाव देवनागरी आकड्यांत. माझ्या एक्सेलने ते मजकूर समजून बेरीज शून्य दाखवली. सरकारने निदान आकडे तरी इंग्रजीत द्यावेत.

बाराखडी
हेच राहिलं होतं! एक्सेलला जमत नाही म्हणून मराठी आकडे सोडायचे? माझ्या आईला १, २, ३ वाचता येतं, तुमचं इंग्रजी नाही. बसची पाटी, किराण्याची यादी सगळं तिचं याच आकड्यांत. प्रेक्षक कोण, यावरच धागा होता ना?

कीबोर्डचा हमाल
आईंसाठी पडद्यावर देवनागरी दाखवा, कोण नको म्हणतंय? फाईलमध्ये साठवताना इंग्रजी ठेवा. यात अस्मिता कुठून आली?

बाराखडी
'कोण नको म्हणतंय' म्हणणारेच पुढे पडद्यावरही इंग्रजी ठेवतात. आमच्या पतसंस्थेचं नवं पासबुक बघा.

सरासरीबाई
@कीबोर्डचा हमाल, तुमचं शंभर टक्के बरोबर. @बाराखडी, पासबुकावर वेगळा धागा काढा, कृपा होईल.

बाराखडी
शुद्ध तुपातल्या विद्वानांनी हाकलल्याबद्दल आभारी आहे. पासबुक हे डेटा प्रॉडक्ट नाही वाटतं?

सरासरीबाई
आहे हो, आहे. आणि @खळ्यावरचा, खळ्यावरची कपात कुठेच नोंदली जात नाही आणि लिलाव बंद असलेल्या दिवशी काही जण शून्य धरून सरासरी पाडतात, इतकं मान्य. खूश? तरी इतिहास लागतोच.

खळ्यावरचा
इतिहास लागतो, तुमच्या पीएचडीला तर नक्कीच. बरं, फाईल असेल तर द्या. गटातल्या पोराला देतो, तो रोजच्या नोटेसोबत मागच्या वर्षीचा भावही वाचून दाखवेल.

कीबोर्डचा हमाल
माझ्याकडे साफ केलेली आहे, रात्री चढवतो. फक्त लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर या तीन वेगळ्या ओळी आहेत. त्यांची साधी सरासरी काढत बसू नका, जिथे आवक जास्त तिथला भाव हिशोबात जास्त धरा.

चाळकरी
आणि अधिसूचनेच्या ॲपचं काय झालं?