‘मी फसलो’ म्हणू नका : आर्थिक लुटीचे तुमचे अनुभव लिहा

मागच्या वर्षी बाबांना फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, म्हणे. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे खाकी वर्दी, मागे भिंतीवर पोलिसांचं बोधचिन्ह आणि हुकूम : दार लावून घ्या, कुणाशी बोलू नका, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय. बाबा ७१ वर्षांचे, सरकारी कागदाला आयुष्यभर मान दिलेला माणूस. आई गावाला गेली होती. दोन दिवस ते त्या कॅमेऱ्यासमोर बसून राहिले, पाणी प्यायलाही विचारून उठले. तिसऱ्या दिवशी ‘पडताळणीसाठी’ मुदत ठेव मोडून ९ लाख ४० हजार पाठवले.

आम्हाला कळलं ११ दिवसांनी. पैशांपेक्षा त्या ११ दिवसांचं दुःख मला जास्त आहे. चूक आपलीच, असं वाटून ते गप्प होते. आपण बोलतोही तसंच : ‘मी फसलो’. या वाक्यात चोर कुठेच नाही. घरफोडी झाली की आपण ‘चोरांनी घर फोडलं’ म्हणतो, मग इथे का नाही?

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि चौकशीसाठी कुठलीही यंत्रणा तुमचे पैसे मागवून घेत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. बाबांनी ते ऐकलंही होतं, पण भीतीपुढे आठवलं नाही.

तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा. रक्कम लहान असली तरी लिहा. कुणाचीही नावं मात्र नकोत.

निवृत्त शिक्षिका, सातारा
‘मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला. नातीची दहावीची परीक्षा सुरू होती, त्यामुळे घाबरून दिलेल्या नंबरवर फोन लावला. त्यानं ‘फक्त दहा रुपये भरून बघा’ म्हणत एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्या अ‍ॅपमधून माझा अख्खा स्क्रीन त्याला दिसत होता. दोनदा मिळून ४८ हजार गेले. शेजारच्या मुलानं आधी माझ्या मोबाईलचं इंटरनेट बंद केलं आणि स्वतःच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. पैसे जाऊन २५ मिनिटं झाली होती. ३१ हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते हातात यायला न्यायालयाचा आदेश लागला, सात महिने गेले, पण आले. बाकीचे १७ हजार त्या २५ मिनिटांतच निघून गेले होते.

कोल्हापूरहून
जुनं कपाट विकायला टाकलेलं. घेणारा म्हणाला सैन्यात आहे, ओळखपत्राचा फोटोपण पाठवला. पैसे मिळायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. साडेसहा हजार गेले. माझा सख्खा भाऊ सैन्यात आहे. त्या वर्दीचं नाव घेऊन चोरी केली, याचा राग अजून जात नाही.

बँक कर्मचारी, पुणे
मुदत ठेव मोडायला येणारे ज्येष्ठ कधीकधी फोन चालूच ठेवून आलेले असतात. कारण विचारलं की ‘मुलीचं लग्न आहे’ म्हणतात. ते उत्तरही पलीकडून शिकवलेलं असतं. मी आता कागदावर लिहून पुढे सरकवते : ‘काका, कुणी धमकावतंय का? फक्त मान हलवा.’ दोनदा मान हलली. एक काका तिथेच रडायला लागले.

आणखी एक सांगते. पैसे थेट चोराच्या खात्यात जात नाहीत. कॉलेजातली मुलं, हातावर पोट असलेली माणसं, यांची खाती थोड्या पैशांत भाड्यानं घेतलेली असतात. चार-पाच खाती फिरून रक्कम एटीएममधून बाहेर पडते. तुमच्या मुलाकडे कुणी ‘कमिशनवर’ खातं मागत असेल तर वेळीच थांबवा. पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

सांगलीहून
आमचा चोर फोनवरचा नव्हता, भावकीतला होता. महिन्याला ५ टक्के देतो म्हणाला. चार महिने दर एक तारखेला पैसे घरी आणून दिले, सासूबाईंच्या पाया पडून. ते आमच्यानंतर गुंतलेल्यांचे पैसे होते, हे तेव्हा कुठं कळत होतं? मी दागिने गहाण ठेवून ३ लाख घातले आणि बहिणीलाही घालायला लावले.

मग एक दिवस त्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. थोरली मंडळी म्हणाली, घरातलं घरात मिटवू, त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. आम्ही वर्षभर थांबलो. त्या वर्षात त्यानं शेत मेहुण्याच्या नावावर केलं. शेवटी चौदा जणांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करता येते. फ्लॅट जप्त झालाय, पैसे अजून नाहीत. भावकीत आम्हाला लग्नाकार्याला बोलावत नाहीत. त्याला अजून ‘बिचारा अडचणीत आला’ म्हणतात. अडचणीत आम्ही आलो. बहीण माझ्याशी बोलते, पण पैशाचा विषय निघाला की उठून जाते.

नाशिकहून
आईला शेअरच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं होतं. २ लाख गेलेत. अ‍ॅपवर नफा दिसतो, काढायला गेलं की ‘आधी कर भरा’ म्हणतात. ९ दिवस झाले. चौकीत ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगितलं. आई म्हणते, आता तक्रार करून काय उपयोग?

धागा सुरू करणारी
ताई, ‘कर’ म्हणून एक रुपयाही भरू नका. आजच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, बँकेतून घ्या. चॅट पुसू नका, ग्रुपही सोडू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मी बाबांच्या वेळी ते कलम छापूनच नेलं होतं.

मी नाशिकरोडला राहते. आईंना चालणार असेल तर उद्या सकाळी दहाला बाबा आणि मी तुमच्यासोबत ठाण्यात येतो. असं लिही, म्हणून बाबांनीच सांगितलंय.