मेकॅनिकलनंतर एमटेक, एमबीए का दोन्ही एकत्र? वाळूजवाल्यांनी सांगावं

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
नमस्कार मंडळी, मी मूळचा अंबाजोगाईचा, मेकॅनिकल झालंय, आता वाळूज एमआयडीसीत टू-व्हीलरचे पार्ट करणाऱ्या एका व्हेंडरकडं क्वालिटीत हाय, तीन वर्षं होत आली. वडील म्हणायलेत एमटेक कर अन् प्राध्यापक हो, मॅनेजर म्हणतो एमबीएशिवाय इथं कुणी पुढं जात नाही, अन् आता एक कन्सल्टन्सीवाला मागं लागलाय की परदेशात इंजिनिअरिंग अन् बिझनेस एकत्रच शिकवत्यात. खर्च ऐकून घरी सांगायची हिंमत होईना, सोयाबीनचे भाव काय चाललेत तुम्हाला माहितच हाय. असल्या डिग्रीला खरंच किंमत असती का?

नांदेडी_पोरगा:
किंमत असती, पण सगळ्यांला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचा एलजीओ, म्हंजे लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स कोर्स बघ, १९८८ ला सुरू झाला, तेव्हा जपानी कारखान्यांनी अमेरिकेला घाम फोडला होता म्हणून एमआयटीनं तिथल्या कंपन्यांला सोबत घेऊनच तो काढला. दोन वर्षात एमबीए अन् इंजिनिअरिंगची मास्टर्स दोन्ही, अन् मधी सहा महिने थेट कंपनीत इंटर्नशिप. खरी किंमत त्या सहा महिन्याची हाय. कन्सल्टन्सीवाल्याला एवढंच विचार, तुमच्या कोर्सात इंटर्नशिप कॉलेज देतं का आपली आपण शोधायची? बघ कसा विषय बदलतो ते.

परभणीची_ताई:
इंजिनिअर नसलेल्यांसाठी काही आहे का हो? बहीण एमएस्सी बायोटेक करतेय, तिला लॅबमध्ये जन्म काढायचा नाहीये.

नांदेडी_पोरगा:
आहे ताई. अमेरिकेत प्रोफेशनल सायन्स मास्टर्स म्हणून निघालंय, १९९० च्या दशकाच्या शेवटी स्लोन फाउंडेशनच्या पैशावर सुरू झालं. विषय सायन्सचाच, सोबत थोडं मॅनेजमेंट, अन् थीसिसऐवजी बहुतेक ठिकाणी इंटर्नशिप. पण पुढं पीएचडीचा विचार असला तर त्या वाटेला जाऊ नका म्हणावं.

म्युनिकातला_लातूरकर:
भाऊ जर्मनीचं मी सांगतो कारण इथं येऊन लई पोरं फसलेली बघितलीत. इथं विर्टशाफ्ट्स-इंजेनिअर म्हणून जुना अन् मानाचा प्रकार आहे, अर्धा इंजिनिअर अर्धा हिशोबवाला, पण बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत मास्टर्सला ॲडमिशन देताना तुझ्या बीईत अर्थशास्त्र-मॅनेजमेंटचे क्रेडिट किती ते मोजतात, अन् आपल्या मेकॅनिकलवाल्याकडं ते नसतात, म्हणून फॉर्म परत. वरून फुकट शिक्षण ही गोष्ट पण सगळीकडं राहिली नाही, टीयू म्युनिक २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या नव्या पोरांकडून मास्टर्सला सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो घेतंय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, लागतंय ते वेगळं. अन् जर्मन भाषा शिकल्याशिवाय शॉप फ्लोअरवर कुणी उभं करत नाही, कन्सल्टन्सीवाला हे कधीच सांगणार नाही.

बीडचा_बायपास:
एवढं लांब कशाला जायलाय राव? पवईत बघ की. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अन् ऑपरेशन्स रिसर्चचं एमटेक हाय, गेट, म्हंजे एमटेकची प्रवेश परीक्षा, देऊन जाता येतं, स्टायपेंड १२४०० महिना मिळतो म्हणजे घरी हात पसरायची गरज नाही. तिथलंच मॅनेजमेंट स्कूल एमबीएला कॅट ह्या प्रवेश परीक्षेवर घेतं. अन् जवळच जुनं निटी, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची सरकारी संस्था, १९६३ ची, २०२३ ला त्याचं आयआयएम मुंबई झालं, तिथं ऑपरेशन्स अन् सप्लाय चेनवर जोर असतो. रिजेक्शन, ऑडिट, व्हेंडरची बोंबाबोंब, हे तू रोज बघायलास, मुलाखतीत तेच बोल. बीई झाल्या झाल्या कॅट देणाऱ्याकडं हे नसतं. बाकी ते एमबीए-टेक, बीटेक अन् एमबीए जोडून असतंय ते, बारावीनंतरचं हाय, त्याच्या नादी लागू नको.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
आभार सगळ्यांचे. वडलांना एमटेक म्हणून सांगता येईल अन् माझं बी काम होईल, हे आयआयटीचं पटलं. गेट अन् कॅट दोन्ही एकाच वर्षी जमतंय का? शिफ्ट फिरती हाय.

बीडचा_बायपास:
फॉर्म दोन्हीचे ऑगस्ट-सप्टेंबरात निघत्यात, कॅट नोव्हेंबरच्या शेवटी अन् गेट फेब्रुवारीत. गणित दोन्हीकडं कामाला येतं, इंग्रजीला मात्र आत्तापासून हात घाल. अन् जमलं तर सुपरवायझरला बोलून नोव्हेंबरात फर्स्ट शिफ्ट मागून घे.