पोस्टग्रेस: नवीन टेबल आलं की रीड-ओन्ली युजरला परमिशन डिनाइड

प्रश्न
नमस्कार, डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे. रिपोर्टवाल्यांसाठी एक रोल (डेटाबेसमधला युजर) केला, स्कीमावर (टेबलांच्या गटावर) युसेज म्हणजे वापरायची परवानगी दिली, मग ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स (सगळी टेबलं वाचायची परवानगी) मारलं, सगळं व्यवस्थित चाललं, पण दर रिलीजला नवीन टेबल आलं की त्यांना परत परमिशन डिनाइड आणि मी परत ग्रँट मारत बसतो. ऑल म्हणजे सगळी ना? शिवाय एक जण टीम सोडून गेलाय, त्याचा रोल ड्रॉपच होत नाहीये, काही ऑब्जेक्ट (टेबल वगैरे) त्याच्यावर अवलंबून आहेत म्हणे. एकाने सुचवलं की रिपोर्टवाल्यांना सरळ सुपरयुजर देऊन टाक, मला ते पटत नाही.

उत्तर १
नकाच देऊ, सुपरयुजरला लॉगिन सोडलं तर कुठलीच परमिशन तपासली जात नाही. आणि ऑल म्हणजे कमांड मारली तेव्हा असलेली टेबलं. पुढच्यांसाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस वापरा, ती नव्या टेबलांना आपोआप परवानगी लावते.

प्रश्नकर्ता
मारलं, तरी काल आलेल्या टेबलला तेच.

उत्तर २
टेबलं मायग्रेशनचा (रिलीजला डेटाबेसमध्ये बदल करणाऱ्या स्क्रिप्टचा) युजर बनवतो ना? मग फॉर रोल लावून त्याचं नाव द्यायला हवं, नाहीतर ते फक्त तुम्ही स्वतः बनवलेल्या टेबलांना लागू होतं. माझे यात दोन दिवस गेलेत, म्हणून आवर्जून सांगतोय. आधीच बनलेल्या टेबलांना मात्र एकदा ग्रँट मारावंच लागेल.

गेलेल्या माणसाचा रोल आजच नोलॉगिन करा (म्हणजे लॉगिन बंद), पण त्याची चालू कनेक्शन त्याने तुटत नाहीत, ती वेगळी बंद करा. मग आधी रीअसाइन ओन्ड (त्याच्या वस्तूंची मालकी दुसऱ्याला) आणि नंतरच ड्रॉप ओन्ड (त्याचं उरलेलं आणि परवानग्या काढणं), क्रम उलटा झाला तर त्याच्या मालकीची टेबलं डेटासकट उडतील!! रोल अख्ख्या क्लस्टरचा (एका सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचा) असतो त्यामुळे त्याचं काही असेल त्या प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन हे करायचं, शेवटी ड्रॉप रोल.

उत्तर ३
१४ पासून पीजी रीड ऑल डेटा हा तयार रोल आहे, पण त्याने सगळ्या स्कीमा वाचता येतात, पगाराचं टेबल असेल तर तेही, म्हणून मी टाळतो. माणसांना थेट ग्रँट देऊ नका, ग्रुप रोलला द्या आणि माणसांना त्यात मेंबर करा, कोणी गेलं तर आवरायला फार कमी उरतं.

प्रश्नकर्ता
फॉर रोलच राहिलं होतं! टेस्ट टेबल बनवून बघितलं, लगेच दिसलं. जुना रोल अडकला होता तो दुसऱ्याच डेटाबेसमधल्या एका व्ह्यूमुळे (साठवून ठेवलेल्या क्वेरीमुळे). मनापासून आभार.